बिनबोलाचं नाटक

मला नाटकातलं काही कळत होतं म्हणून मी मूकनाट्य बसवलं, असं कुणी समजू नये. मला त्या गावाच्या बोलण्याचा राग होता, एवढंच कारण. मुरुमपासून तीन कोसांवरच्या त्या गावात मी मराठीचा मास्तर होतो. अर्धी पोरं घरी कानडी बोलायची, काही दखनी, आणि उरलेली जे बोलायची त्याला मराठी म्हणायला माझी जीभ रेटत नसे. मी वाढलो तुळजापुरात, पुजाऱ्या-कारकुनांच्या आळीत. शब्द चघळून बोलणाऱ्यांची मला कीव यायची, आणि कीव आली की मी छडी उचलायचो.

आदल्या वर्षी शाळेच्या संमेलनात मी ऐतिहासिक नाटक बसवलं होतं. सरदारानं तलवार उपसली आणि असा काही कानडी हेल काढून गर्जना केली की पाहुणे म्हणून आलेले तपासणीस साहेब पोट धरून हसले. जाताना मला म्हणाले, ‘‘मास्तर, विनोदी नाटक चांगलं बसवलंत.’’ त्या रात्री मी जेवलो नाही. पुढच्या वर्षी स्टेजवर कुणी तोंडच उघडायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

पुढच्या वर्षापर्यंत पाकिस्तानशी लढाई होऊन गेली होती. गावातला एकही माणूस लढाईवर गेला नव्हता, पण ग्रामपंचायतीच्या रेडिओसमोर बसून सगळ्यांनी लाहोर घेतलं होतं. मीही त्यातलाच. सव्वीस जानेवारीला युद्धाचं मूकनाट्य करायचं ठरलं. चार सैनिक, चार शत्रू, हलगीच्या तालावर लढाई. एक सैनिक घायाळ होतो, त्याचा म्हातारा बाप विहिरीवरून पाणी आणून त्याला पाजतो, सैनिक प्राण सोडतो, झेंडा वर जातो. रणांगणावर विहीर कुठून आली आणि बाप तिथं काय करत होता, हे प्रश्न मला पडले नाहीत.

सैनिकांना खाकी कपडे हवे होते, म्हणून टेलरला बोलावणं धाडलं. सारा गाव त्याला चाचा म्हणायचा, मी टेलर म्हणायचो. चाळिशीचा, काटकुळा, गळ्यात कायम टेप. मी स्वतःचे कपडे त्याच्याकडं कधी शिवायला टाकले नाहीत. मुरुमला जाऊन शिवून आणायचो. कारण सांगतो. निजामाच्या शेवटच्या वर्षात रझाकारांनी माझ्या वडिलांचा उजवा हात लाठीनं मोडला होता. आम्ही रातोरात सोलापूरला पळालो. हात बसला, पण वाकडाच बसला. धोतराचा काष्टा आई घालून द्यायची, आणि रोज सकाळी ते पाहून मी मोठा झालो. दाढी-टोपीवाला माणूस दिसला की मला तो हात आठवायचा. या टेलरनं कुणाचा हात मोडला होता का, हे विचारण्याची मला गरज वाटली नव्हती.

आता जे मला तेव्हा माहीत नव्हतं ते तुम्हाला आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी किती मूर्ख होतो ते नीट कळेल. शाळेच्या मागं एक विहीर होती. ती शाळा समितीच्या अध्यक्षांच्या मळ्यात. गाव त्यांना मालक म्हणायचा. मोट चालायची, ऊस भिजायचा, पण त्या विहिरीचं पाणी प्यायला कुणी नेत नसे. पोलिस ॲक्शन झाली तेव्हा हत्यारं घेऊन मिरवणारे रझाकार केव्हाच पळून गेले होते. मागं उरले ते शिवणयंत्र, तराजू आणि म्हशी सोडून कुठं जावं हे ज्यांना सुचलं नाही ते. त्यांतल्या काहींना त्या विहिरीवर नेलं. टेलरचा बाप त्यांत होता आणि दोन भाऊ होते. टेलर स्वतः ज्वारीत लपून बघत होता. मालकांचा सख्खा भाऊ ॲक्शनच्या दोन महिने आधी रझाकारांनी मुरुमच्या वाटेवर मारला होता, हेही खरं.

तेव्हापासून टेलर दरवर्षी एकदा मालकांकडं जायचा आणि एकच गोष्ट मागायचा. विहिरीच्या काठावर उभं राहून बापभावांसाठी फातिहा वाचू द्या. घडीभराचं काम. मालक दरवर्षी एकच उत्तर द्यायचे, ‘‘तिथं कोन न्हाई. पानी हाय.’’

मला याची कुणकुण लागायला हवी होती. माझ्या बायकोला आई नव्हती, त्यामुळं बाळंतपणं त्या गावातच झाली. आमच्याकडं सव्वा महिना झाला की बाळंतीण पाण्याला जाते. विहिरीला हळदकुंकू, खण-नारळ वाहते आणि काठावर जो कोणी असेल त्याला हरभऱ्याच्या घुगऱ्या वाटते. पहिल्या मुलीच्या वेळी बायको आपली जवळची म्हणून शाळेमागच्या विहिरीकडं निघाली, तर शेजारणींनी हात धरून तिला गावाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. ‘‘त्या हिरीला कुनी वटी भरत न्हाई, बाई,’’ एवढंच म्हणाल्या. घरी येऊन हिनं मला विचारलं. मी पेपर तपासत होतो. म्हणालो, असेल काही अडाण्यांचं भूतबित.

तर टेलर मापं घ्यायला तालमीला आला. पोरं शत्रूच्या गोळ्या खाऊन धडाधड पडत होती. तो टेप हातात घेऊन बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘मास्तर, मानूस असा पडत न्हाई.’’

‘‘मग कसा पडतो?’’ मी खेकसलो.

‘‘जित्ता मानूस पडताना हात फुडं टाकतो. मेलेला टाकत न्हाई.’’

आणि तो पडला. उभ्याचा सरळ जमिनीवर, तोंडावर. हात अंगालाच. मी पुढं झालो तोवर तो उठून नाकाची माती पुसत होता.

तुला हे कसं ठाऊक, असं मी विचारायला हवं होतं. मी विचारलं, ‘‘पोरांना शिकवशील का?’’ कारण मला नाटक हवं होतं. तपासणीस साहेब पुन्हा येणार होते आणि मला त्यांचं हसू त्यांच्याच घशात घालायचं होतं. त्यासाठी मी त्या माणसाकडूनही काम करून घ्यायला तयार झालो, आणि वर आपण केवढे उदार असं मनात म्हणालो.

तो रोज येऊ लागला. त्यानं पोरांना शिकवलं की मार बसला की माणूस लगेच ओरडत नाही, आधी कुठं लागलं ते बघतो. पळणारा माणूस समोर कमी आणि मागं जास्त बघतो. लपलेला माणूस स्वतःच्या तोंडावर हात दाबतो, श्वास ऐकू जाईल म्हणून. जो पोरगा शाळेत एक ओळ धड वाचत नसे तो असा लपायला लागला की त्याच्याकडं बघून माझ्याच छातीत धडधडायचं. बापाची भूमिका करायला कुणी मिळेना, तेव्हा मी टेलरलाच उभं केलं. विहीर म्हणून एक रिकामं वर्तुळ आखलं होतं खडूनं. तो हवेतला दोर ओढायचा तेव्हा पोहऱ्याचं वजन त्याच्या खांद्यात दिसायचं, आणि शेवटच्या हिसक्याला पाणी सांडलं म्हणून पुढच्या पोरांनी पाय मागं घेतलेले मी पाहिले आहेत. मी खूश होतो. एक दिवस सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, ‘‘लक्षात ठेव, तोंडातून एक शब्द निघाला नाही पाहिजे.’’ तो म्हणाला, ‘‘त्याची सवय हाय मला, मास्तर.’’ मला ते कौतुकाचं उत्तर वाटलं.

गॅसबत्त्या मागवायला लागू नयेत म्हणून नाटक दुपारी चारला ठेवलं. लिंबाखाली बाकं जोडून स्टेज केलं. पुढं तपासणीस साहेब आणि मालक खुर्च्यांवर, मागं गाव, आणि एका बाजूला बायका. त्यांत माझी बायको, सातवा महिना लागलेली. लढाईला शिट्ट्या पडल्या. पोरं पडायला लागली तशा शिट्ट्या थांबल्या. तपासणीस साहेब खुर्चीच्या कडेला आले होते. मी स्टेजच्या कोपऱ्यात उभा राहून त्यांच्या तोंडाकडंच बघत होतो, त्यामुळं टेलरनं काय सुरू केलं हे मला सगळ्यांत उशिरा कळलं.

तो वर्तुळाशी आला, पोहरा सोडला, दोर ओढला. दोर येईना. पुन्हा ओढला. खाली काहीतरी जड होतं. त्यानं वाकून आत पाहिलं आणि त्याचे हात सुटले. तालमीत यातलं काहीच नव्हतं. मग तो वर्तुळापासून दहा पावलं मागं गेला आणि चालत आला. पाठीत वाकलेला, गळ्यातला टेप दोन्ही हातांनी धरलेला, दर दोन पावलांवर खोकत, पण खोकल्याचा आवाज नाही. वर्तुळाच्या काठावर आला आणि पडला. हात पुढं न टाकता.

उठला. मागं गेला. आता दुसराच कुणी चालत आला, उजवा पाय किंचित ओढत, खिशात हात घालून. पडला. पुन्हा उठला. तिसरा आला तो जवळजवळ पळतच, लुंगी गुडघ्यापर्यंत धरून, वाटेत कुणाला तरी हात करत, हसत. बायकांतून एकीनं ‘अगं माय’ म्हटलं आणि तोंडाला पदर लावला. मग दुसरीनं. मेलेल्या माणसांचे चेहरे गाव सतरा वर्षांत विसरलं असेल, पण चाली विसरलं नव्हतं. माणसं खाली माती बघत होती. हलगीवाल्याला मी खुणेनं वाजव म्हणालो, तर त्यानं हलगी उलटी करून मांडीखाली घेतली. पाण्याची वाट बघत पडलेला सातवीतला घायाळ सैनिक मान वर करून माझ्याकडं बघत होता.

टेलर वर्तुळाच्या काठाशी उभा राहिला. दोन्ही तळवे त्यानं छातीपुढं उघडले. ओठ हलायला लागले.

‘‘बास,’’ मालक उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नव्हता. ‘‘मास्तर, हे तुमी बसवलं?’’

सगळं गाव माझ्याकडं वळलं. त्या क्षणी मला काही कळलं नव्हतं असं मी पुढं बरीच वर्षं सांगत आलो. खोटं आहे. तिसरा माणूस पडला तेव्हाच मला सगळं कळलं होतं. विहीर, शेजारणी, मेलेला माणूस कसा पडतो ते, सगळं. मला कळलं आणि मी घाबरलो, आणि घाबरलो म्हणून भयंकर चिडलो.

‘‘हे माझं नाही,’’ मी ओरडलो. ‘‘माझ्या नाटकात हे नाही. यानं आपल्या मनानं घुसडलंय.’’

सबंध नाटकात स्टेजवरून बोललं गेलेलं तेवढंच. टेलरनं तळवे खाली घेतले. फातिहा अर्धाच राहिला असणार. तो बाकांवरून उतरला आणि बायकांच्या बाजूनं निघून गेला. बायकांनी वाट दिली. मालक परत खुर्चीवर बसले. झेंडा वर गेला आणि टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो खाकी कपडे धुऊन, घडी करून परत द्यायला घरी आला. मी त्याला दारातच गाठलं. तोंडाला येईल ते बोललो. माझ्या नाटकाचा सत्यानाश केलास, साहेबांसमोर माझं नाक कापलंस, तुझी माणसं मेली म्हणतोस आणि माझ्या बापाचा हात कुणी मोडला? तो मग कपडे उंबऱ्यावर ठेवून म्हणाला, ‘‘मास्तर, तुमीच म्हनलात बोलायचं न्हाई. म्या बोललो का?’’

मी दार लावून घेतलं. आत वळलो तर बायको उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

त्यानंतर गाव आमच्याशी नीट वागलं नाही. दूधवाली म्हणाली, म्हैस आटली. म्हैस समोर गोठ्यात दिसत होती. पोरं वर्गात गप्प बसू लागली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की यांनी कानडीत का होईना, बोलावं. मालकांनी माझ्या बदलीसाठी अर्ज धाडला. तो वाचून खाली सही मीच करायची, एवढंच बाकी होतं, इतकी गावभर त्याची चर्चा. मी टेलरला शिव्या घालत बसलो. माझी चूक एवढीच की मी मोठेपणानं त्याला संधी दिली, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. पण येणारंजाणारं कुणी नव्हतंच. टेलरकडं तर कुणी बटण लावायलाही जाईना. त्याचं यंत्र ओट्यावर फडक्याखाली झाकलेलं असायचं. बायको माझ्याशी मीठ संपलं, भात झाला, एवढंच बोलायची. म्हणजे बिनबोलाचं नाटक आमच्या घरीही लागलं होतं.

चैत्रात मुलगा झाला. वैशाखात सव्वा महिना भरला. आदल्या दिवशी हिनं शेजारणींना सांगितलं की उद्या पाण्याला जायचं आहे, आणि कुठल्या विहिरीवर तेही सांगितलं. सकाळी एकही शेजारीण आली नाही. हिनं घुगऱ्या शिजवल्या, परातीत काढल्या, हळदकुंकवाचं ताट केलं, मुलाला न्हाऊ घातलं. एवढ्यात दारात टेलर. हातात बाळाची कुंची, हिरव्या खणाची, गोंडे लावलेली. हिनं ती केव्हा शिवायला टाकली होती, देव जाणे.

‘‘बरं झालं आलात, चाचा,’’ ही म्हणाली. ‘‘परात धरायला कुणी नाही. विहिरीपर्यंत चला.’’

तो परातीकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. मी पेपर तपासत नव्हतो, सुट्ट्या होत्या, तरी मी खाली मान घातली. त्यानं परात उचलली.

मी वीसेक पावलं मागं ठेवून गेलो. नवऱ्यानं पाण्याला जायची रीत नाही, पण घरी थांबणं मला जमेना. मालक विहिरीवरच होते, मोट चालवून घेत होते. पुढं बाळंतीण, पदरानं पोटाशी बांधलेलं कुंचीतलं लेकरू, हातात ताट, आणि मागं परात घेतलेला टेलर, असं बघितल्यावर त्यांनी गड्यांना हातानं थांबवलं. बैल उभे राहिले. बाळंतिणीला पाण्यावर कुणी अडवत नाही. वैऱ्याच्या घरची असली तरी नाही. आमच्या मुलखात एवढं एक पाळतात.

हिनं काठाला हळदकुंकू वाहिलं, पाच बोटं ओढली, खण ठेवला, नारळ फोडला. तिनं ही पूजा मुद्दाम सावकाश केली, असं मला आजही वाटतं. टेलरनं परात दगडावर ठेवली, डोक्याला रुमाल बांधला आणि तळवे उघडले. या वेळी ओठ मधे थांबले नाहीत.

मालक विहिरीला वळसा घालून माझ्याकडं आले. मी बाभळीला टेकून उभा होतो.

‘‘काय मास्तर,’’ ते म्हणाले, ‘‘हे बी तुमचं न्हाई का?’’

विहिरीवर वारा नव्हता. बोललेलं सगळ्यांना ऐकू जात होतं. हिनं मान वळवली नाही, पण हात थांबले.

‘‘बायको माझी आहे, लेकरू माझं आहे,’’ मी म्हणालो. ‘‘चाचाचं मला विचारू नका.’’

मालक हसले. त्यांना जे हवं ते मिळालं होतं. टेलरनं तळवे तोंडावरून फिरवले, परात उचलली आणि सरळ मालकांपुढं येऊन उभा राहिला. पाण्याच्या घुगऱ्या कुणी नको म्हणत नाही. मालकांचं हसू गेलं. त्यांनी बराच वेळ परातीकडं पाहिलं आणि मग ओंजळ पुढं केली. खाल्ल्या नाहीत, पण टाकल्याही नाहीत. मुठी बंद करून उभे राहिले. मग टेलर माझ्याकडं वळला आणि माझ्या ओंजळीतही तेवढ्याच घुगऱ्या घातल्या. मला वाटलं, आता तरी काहीतरी बोलेल. तो परात घेऊन गड्यांकडं गेला.

जूनमध्ये माझी बदली झाली. पुढं तीस वर्षं नोकरी केली, नाटक एकही बसवलं नाही. विहिरीवरून घरी येताना बायको वाटेत एकच वाक्य बोलली होती, ‘‘आज पहिल्यांदा तुम्ही त्यांना चाचा म्हणालात.’’ खरं होतं. पहिल्यांदा म्हणालो, आणि तेही त्याला झटकून टाकताना.